फुगलेली फळी

माझा भाऊ माझ्याहून बराच लहान. तो जन्मला तेव्हा मी शाळेत जायला लागले होते, त्यामुळे त्याला कडेवर घेऊन फिरणं हे माझंच काम होतं. लहानपणी त्याला दम लागायचा. हवा बदलली की त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची आणि आई कोमट तेल घेऊन त्याच्या उशाशी बसायची. बाकीची मुलं ज्या वयात बापाबरोबर बोटीवर जाऊन, उलट्या करत करत समुद्राला सरावतात, त्या वयात तो घरात उशीला टेकून बसलेला असायचा. पुढे दम गेला, पण अंग काही भरलं नाही. उंची मात्र बाबांच्याही वर गेली.

आमचं घर तारापूरच्या खाडीजवळच्या एका कोळीवाड्यात आहे. बाबांची स्वतःची बोट आहे, लाकडी, आणि ते स्वतःच तिचे तांडेल, म्हणजे तिच्यावरचा शब्द त्यांचा. आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसते. मी बोईसरलाच एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये काम करते. भाऊ पालघरला कॉलेजात जायचा. घरात शिकलेली आम्ही दोघंच, आणि बाबांना त्याचा अभिमान होता. मुलगा समुद्रावर येत नाही याचं त्यांना वाईट वाटत असेलही, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

कोळीवाड्यात भावाच्या बरोबरीची मुलं जाळी ओढून ओढून रुंद झालेली. ती त्याला ‘काडी’ म्हणायची. पण ती हाक इतकी जुनी होती की तोही त्या नावाला ओ द्यायचा. त्यात विष नव्हतं. विष आलं ते फोनमधून.

एका धुळवडीला मुलांनी किनाऱ्यावर एकत्र फोटो काढला. सगळे रंगात भिजलेले, भावाचा शर्ट अंगाला चिकटलेला. तो फोटो कोणीतरी इन्स्टाग्रामवर टाकला, तिथून आणखी कोणी उचलला, आणि ज्याला आमच्या गावाचं नावही माहीत नसेल अशा एका माणसाने भावाच्या बरगड्यांभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं, ‘याला आधी जेवायला घाला’. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. भाऊ तो फोटो घेऊन माझ्याकडे आला. मी भांडी घासत होते. त्याने विचारलं, “ताई, मी खरंच असा दिसतो?”

मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण माझ्या ‘नाही’ने त्याचं काही झालं नाही, हे मला तेव्हाच दिसलं. तो फोन खिशात घालून वर माळ्यावर निघून गेला.

फोटो बदलण्याचं ॲप त्याने पहिल्यांदा माझ्याच फोनवर बघितलं होतं. आमच्या लॅबमध्ये आम्ही मुली शिफ्ट संपली की कपडे बदलायच्या खोलीत फोटो काढायचो. दिवसभर मास्क लावून गालावर वळ उठलेले असायचे, केसांना टोपीचा आकार आलेला असायचा. ॲपमध्ये एक बोट फिरवलं की वळ जायचे, आणखी एक फिरवलं की हनुवटीखालचं जाडपण जायचं. माझ्या शेजारी काम करणारी एक बिहारची मुलगी मला नेहमी सांगायची, “ज़्यादा मत कर, घरवाले पहचानेंगे नहीं.” आम्ही हसायचो आणि तरी थोडं जास्तच करायचो. आमच्यासाठी तो चहाबरोबरचा खेळ होता. घरी आल्यावर आरशातली मी तीच असायचे, सावळी आणि भरलेली, आणि त्याचं मला रोज उठून वाईट वाटत नव्हतं.

भावाचं तसं राहिलं नाही. त्याने आधी नुसते खांदे जरा रुंद केले. मग दंड. मग छाती, मग मान, मग जबडा. एका फोटोवर तो जेवणाची हाक येईपर्यंत बसून राहायचा. आई मला विचारायची, हा एवढा वेळ मोबाइलमध्ये काय शिवत बसतो? तिला ते शिवणकामच वाटायचं, कारण तो मान खाली घालून बोटाने इतकं बारीक, सावकाश काहीतरी करत असायचा.

हळूहळू फोनमधला तो आणि घरातला तो असे दोघे झाले. फोनमधल्याला लोक ‘भाई, बॉडी’ असं लिहायचे. घरातला भर उन्हाळ्यात जाड जॅकेट घालून कॉलेजला जायचा आणि घामाने निथळत परत यायचा. एका मित्राने दिलेली कसलीशी पावडर दुधात घालून प्यायला लागला, त्याने पोट बिघडलं, तर दोन घास कमी जेवायला लागला. लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली की तो कोणाचं तरी मूल कडेवर घ्यायचा आणि त्याच्या आड उभा राहायचा. कॉलेजातली एक मुलगी त्याच्याशी फोनवर बोलायची. तिने एकदा म्हटलं, उद्या कँटीनमध्ये भेटू. त्या दिवशी तो कॉलेजला गेलाच नाही. मला म्हणाला डोकं दुखतंय. मी त्याच्या कपाळावर बाम चोळला, आणि बाम चोळून जाणारं हे दुखणं नव्हे हे मला कळत होतं. 

मग ती फळीची गोष्ट झाली.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्र्यांनी झाकलेल्या असतात. बंदी उठायच्या आधी त्या उघडायच्या, कुजकं लाकूड बदलायचं, फळ्यांच्या सांध्यांत तेलातला कापूस ठासून भरायचा, रंग द्यायचा, अशी गडबड सुरू होते. बाबा इतर सगळी कामं माणसांना सांगतात, पण बोटीच्या अंगावरून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत जाणारा पिवळा पट्टा ते स्वतः रंगवतात. त्या वर्षीही त्यांनी तो रंगवला. रंग वाळला त्या दिवशी भाऊ खाली गेला आणि बोटीला टेकून, बनियनवर, एका हाताने फळी धरून फोटो काढून घेतला. मागे नवी कोरी निळी बोट, पिवळा पट्टा आणि उघडलेलं आभाळ. मूळ फोटो चांगलाच होता. त्याने वर माळ्यावर बसून त्यातला दंड दुप्पट केला, खांदा रुंद केला आणि फोटो टाकला.

बाबांच्या बोटीवरचे एक जुने साथीदार आहेत, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांच्या मुलाने तो फोटो काकांना दाखवला आणि काकांनी जाळं शिवता शिवता बाबांना. “बग, पोरगा हिरो झाला तुजा,” असं ते म्हणाले म्हणे. बाबांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मुलाकडे त्यांची नजर गेलीच नाही. त्यांना दिसला तो पिवळा पट्टा. मुलाच्या दंडापाशी येऊन तो बाहेरच्या बाजूला वळला होता, आणि पुढे जाऊन परत सरळ झाला होता.

फळी फुगली की पट्टा असा वळतो. फुगलेली फळी म्हणजे आतून पाणी धरलंय किंवा खिळे सुटलेत. अशी बोट घेऊन कोणी बाहेर पडत नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. तो शुक्रवार होता, आमच्या कारखान्यांची सुट्टी. आईने मला चहा आणि बटर देऊन किनाऱ्यावर पाठवलं. मी गेले तर बोटीजवळ बाबा, काका आणि बोटींची कामं करणारे सुतार असे तिघं उभे होते. सुतार लाकडी हातोड्याने एकेक फळी वाजवून बघत होते आणि कान लावत होते. बाबा तळहाताने लाकूड चाचपत होते, आजारी जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवत. एका जागचा नुकता भरलेला कापूस त्यांनी उकरून काढला होता. रंगाचे पापुद्रे वाळूत पडले होते. सुतार म्हणत होते की मला तर काही सापडत नाही. बाबा म्हणत होते, “हाय. मी बगितलंय. आतून आसंल.” त्यांचा विचार ती फळी काढून बघण्याचा होता.

मी विचारलं काय झालं. बाबांनी काकांकडून फोन मागून घेतला आणि माझ्यापुढे धरला. “हितं बग, बाय. हितं बायेर आलीय.”

मी बघितलं आणि मला क्षणात कळलं. मी रोज ते ॲप वापरणारी. पण काका आणि सुतार शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर ते सांगणं म्हणजे भावाला उघड्यावर आणून उभं करणं होतं. मी म्हटलं, चहा घ्या आधी, फळी लगेच काढू नका, मी आलेच. आणि घराकडे निघाले. मागे बघितलं तर बाबा चहाचा पेला हातात धरून अजून बोटीकडेच बघत होते.

भाऊ माळ्यावर होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्याने फोन उघडला, तो फोटो बघितला, आणि त्याला पहिल्यांदा तो पट्टा दिसला. इतका वेळ त्या फोटोवर काम करून त्याने बोटीकडे बघितलंच नव्हतं, जसं बाबांनी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. तो म्हणाला, ताई, तू काहीतरी सांग ना, फोनची काच तडकलीय म्हणून तसं दिसतं असं सांग. मी सांगू शकले असते. बाबांनी विश्वासही ठेवला असता. पण मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले, आणि तो उठला. जॅकेट घ्यायला त्याचा हात खुंटीकडे गेला. मग काय वाटलं कोण जाणे, ते तिथेच ठेवून टीशर्टवरच खाली उतरला.

 किनाऱ्यावर पोचल्यावर त्याने बाबांना बाजूला बोलावलं. बोटीच्या पलीकडच्या बाजूला, जिथे काका आणि सुतार दिसत नव्हते, तिथे आम्ही तिघं उभे राहिलो.

“बाबा, फळी बरोबर हाय,” तो म्हणाला. “मी फोटो वाकवलाय.”

“फोटो वाकवला म्हंजे?”

भावाने फोन काढला. मूळ फोटो उघडला, तो बाबांपुढे धरला आणि बोटाने आपला दंड बाहेर सरकवला. दंड फुगला, आणि त्याच्याबरोबर मागचा पिवळा पट्टाही. परत आत सरकवला, पट्टा सरळ झाला. त्याने तसं दोनतीनदा केलं.  बाबा डोळे बारीक करून बघत होते.

“का पन?” बाबांनी विचारलं. रागाने नव्हे. जाळ्यात कधी न पाहिलेला मासा आला की विचारतात तसं.

भाऊ वाळूकडे बघत म्हणाला, “मी बारीक दिसतो, बाबा. लोक हसतात.”

 मला वाटलं ते आता म्हणतील की जेवत जा, किंवा बोटीवर ये म्हणजे अंग धरेल, किंवा हे असलं सोड. मी मनात त्यांना गप्प राहायची विनंती करत होते. त्यांनी एक हात भावाच्या पाठीवर ठेवला, मानेच्या जरा खाली, आणि तो तिथेच राहू दिला. भावाच्या पाठीवर बाबांचा हात मी कितीतरी वर्षांनी बघत होते. मग ते वळून बोटीच्या पुढून पलीकडे गेले. आम्ही मागोमाग.

सुतार पटाशी घेऊन तयार बसले होते. बाबा त्यांना म्हणाले, “राहू दे. माज्याच डोळ्याचा दोष. फळी बरोबर हाय, कापूस परत बर.”

बाबांना मी जन्मापासून बघत आलेय. बोटीच्या बाबतीत आपण चुकलो असं ते कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. वारा चुकला, यंत्र चुकलं, दर्या चुकला, पण तांडेल नाही. काकांनाही ते इतकं नवीन होतं की त्यांना हसू आवरेना. तांडेल म्हातारा झाला, आता चष्मा लावून नाळेवर उभा राहणार, अशी त्यांनी थट्टा सुरू केली. सुतारही हसले. शेजारच्या बोटीवरच्या लोकांनी काय झालं विचारलं आणि तिथेही हसणं पोचलं. बाबा हसणाऱ्यांमध्ये उभे राहून स्वतःही हसत होते. माझ्या बाजूला भाऊ उभा होता.  सुतार कापूस ठासायला लागले तेव्हा तो पुढे गेला, गुडघ्यांवर बसला आणि तेलात कापूस बुडवून त्यांच्या हातात द्यायला लागला. अंधार पडायच्या आधी फळी होती तशी झाली. तेवढ्या तुकड्यावरचा पट्टा बाबांनी दुसऱ्या दिवशी परत रंगवला.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनीच विषय काढला. आईला काही माहीत नव्हतं, तर त्यांनी तिला सगळं सांगितलं, पण असं सांगितलं की जणू फोनमध्ये काय काय होतं याचं त्यांनाच नवल वाटत होतं. मग भाताचा घास हातात तसाच धरून ते भावाला म्हणाले, “तुज्या आईकडं माजा फोटो पाटवला व्हता ना लग्नाच्या आदी, तवा मी आतून दोन शर्ट गातले व्हते.”

भावाने मान वर केली. बाबांनी सांगितलं की तेव्हा तेही असेच काडी होते. पालघरच्या फोटोवाल्याकडे ते मित्राबरोबर गेले. फोटोवाल्याने त्यांना नीट न्याहाळून विचारलं की मुलीकडे पाठवायचाय का, आणि हो म्हटल्यावर आपला एक जाड शर्ट काढून दिला, आतून घालायला. वरून कोट. मे महिना होता. फोटोत ते घामाने चमकत होते आणि मुलीकडच्यांना वाटलं मुलगा तेजस्वी आहे.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती म्हणाली की मला ते हळदीच्याच दिवशी कळलं, अंगात बनियन आणि आत माणूस कुठंय ते शोधावं लागत होतं. मग तिने स्वतःचंही सांगितलं. तिच्या फोटोच्या वेळी तिच्या मावशीने तिला पावडर इतकी फासली होती की फोटोत तोंड एका मुलीचं आणि गळा दुसरीचा. बाबांच्या घरच्यांनी विचारलं होतं की मुलीला काही त्वचेचं दुखणं तर नाही ना. आम्हा दोघांना हे आईबाबांनी कधीच सांगितलं नव्हतं. भाऊ हसत होता. हसता हसता त्याने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला, आणि आईने तो वाढताना माझ्याकडे नुसतं एकदा बघितलं.

यानंतर सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. तो फोटो भावाने काढून टाकला, पण पुढचे काही दिवस तो फोनच बाजूला ठेवून बसायचा आणि मग अस्वस्थ होऊन परत उचलायचा. जॅकेट लगेच सुटलं नाही. एकदा मी त्याला आरशासमोर शर्ट वर करून बरगड्यांवरून बोट फिरवताना बघितलं आणि आवाज न करता मागे फिरले. पावडर मात्र त्याने बंद केली.

बोट बाहेर पडली. पण काका बाबांच्या डोळ्यांचा विषय सोडेनात. दर खेपेला काहीतरी टोमणा मारायचे. शेवटी भावाला ते सहन होईना. आपल्यासाठी बाबांनी अंगावर घेतलेलं ते रोज ऐकणं त्याला जड जात होतं. तो बाबांना म्हणाला की चला, एकदा तपासून घेऊ, डॉक्टरने डोळे चांगले आहेत म्हटलं की काकांचं तोंड बंद होईल. बाबा नको नको म्हणत त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि दोघं पालघरला गेले.

डॉक्टरांनी तपासलं, तर डोळे खरंच अधू निघाले. एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती, तो अजून पिकायचा होता, आणि दोन्ही डोळ्यांना चांगला मोठा नंबर होता. किती वर्षं असं अंधुक बघत होतात, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले की मला वाटलं सगळ्यांना या वयात एवढंच दिसतं.

चष्मा तयार झाला त्या दिवशी मीही बरोबर होते, माझी शिफ्ट सकाळची होती. दुकानातल्या मुलाने बाबांच्या नाकावर चष्मा बसवला. बाबांनी आधी समोरच्या पाट्या वाचल्या, मग रस्त्यावरच्या रिक्षा बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की बाय, तुज्या कपाळावर हा वण कदीचा? तो माझ्या लहानपणापासून आहे. मग ते भावाकडे वळले. भाऊ त्यांच्यापेक्षा उंच, तर त्यांना मान वर करावी लागली. ते त्याला वरपासून खालपर्यंत बघत राहिले. भाऊ अवघडून हलला. हात छातीवर घेणार होता, पण घेतले नाहीत.

“माजा बाप असाच व्हता,” बाबा म्हणाले. “उंच. सरळ. लांबून वळकू यायचा.”

आजोबांचा फोटो आमच्याकडे नाही. ते कसे दिसायचे हे आम्ही दोघांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.  चष्म्याची रिकामी डबी भावाने बाबांच्या हातातून घेतली आणि उगाच उघडत-मिटत राहिला.

गंमत म्हणजे पुढे चष्म्याने बाबांचीच पंचाईत केली. त्यांना तो लावून बोटीवर जायची लाज वाटायची. मी मास्तर दिसतो, असं ते म्हणायचे. किनाऱ्यावर उतरताना खिशात घालायचे आणि बोट लांब गेली की लावायचे, हे काकांनीच आम्हाला सांगितलं. भावाने त्यांचा चष्म्यातला एक फोटो काढला तर तो बघून बाबांनी त्याला विचारलं, “चष्मा काडता येतो काय यातून?”

“येतो,” भाऊ म्हणाला. “पण मग डोळे माझ्या मनानं काढावे लागतील.”

बाबा म्हणाले की मग असू दे.

कॉलेजातल्या त्या मुलीला भावाने शेवटी स्वतःहून सांगितलं. फोनवर लिहिलं की फोटोतला मी वेगळा आहे, खरा बारीक आहे, भेटलीस तर ओळखणार नाहीस. तिचं उत्तर त्याने मला दाखवलं. तिने लिहिलं होतं की अरे, आपण एकाच कॉलेजात आहोत, मी तुला रोज जिन्यावर बघते, जॅकेटवाला तूच ना? तो इतके महिने जिच्यापासून लपत होता तिने त्याला पहिल्यापासून बघितलेलं होतं. पुढे त्यांचं काही जुळलं नाही, ती शिकायला दुसरीकडे गेली. पण त्या उत्तराने त्याचं जे झालं ते माझ्या कुठल्याही बोलण्याने झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो शर्टवर कॉलेजला गेला.

आता त्याला बोईसरला नोकरी लागली आहे, संगणकावरची. फोटो अजूनही काढतो, चांगले काढतो. कधीमधी खांदा जरा सरकवतोही, मला कळतं, आणि मी काही म्हणत नाही.

मागच्या वर्षी माझ्या लग्नाचं बघायला लागले. वाणगावच्या एका घरून विचारणा आली आणि त्यांनी फोटो मागवला. याआधी दोन घरांनी माझ्या जाडीवरून नकार कळवला होता, तोंडावर नाही, पण मधल्या माणसाकरवी. मी भावाला फोटो काढायला सांगितलं आणि म्हटलं की थोडी बारीक कर. त्याने मला उपदेश केला नाही. “किती?” एवढंच विचारलं. अंगणात, पारिजातकाजवळ त्याने फोटो काढले, मला बारीक करून दिलं आणि मूळ फोटोही शेजारी ठेवला. बारीक झालेली मी छान दिसत होते. फक्त हसणं जरा दुसऱ्याच कोणाचं वाटत होतं, गाल आत गेल्यामुळे. मी बराच वेळ दोन्ही बघितले आणि मूळ फोटो पाठवायला सांगितला. शहाणपण म्हणून नव्हे. आणखी एक नकार येणार असेल तर तो निदान मला यावा, त्या बारीक केलेलीला नको, असं वाटलं.

ते लोक आले. मुलगा शाळेत गणित शिकवतो. फोटोत तो चांगला उंच वाटला होता. दारातून आत आला तर माझ्याहून दोन बोटंच वर. चहापोहे झाले, मोठी माणसं समुद्राच्या आणि पावसाच्या गप्पांना लागली, आणि आम्हाला अंगणात बोलायला पाठवलं.  तो पारिजातकाकडे बघत म्हणाला, “फोटोत मी पायरीवर उभा होतो.”

“कळलं,” मी म्हटलं.

“तुम्ही मात्र फोटोसारख्याच आहात.”

मी त्याला विचारलं की तुम्ही मासे खाता ना. तो म्हणाला खातो, पण काटे काढायला मला वेळ लागतो. आम्ही परत आत गेलो तेव्हा भाऊ ओट्यावर बसून मुलाच्या लहान बहिणीला फोनवर काहीतरी दाखवत होता. आई स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी मानेनेच तिला हो म्हटलं.